पायरी उंच करण्याआधी : सहायकाची पदवी आणि सहायकाचं काम

ज्ञान आणि कौशल्य यांच्या नात्याबद्दल आपण या मालेत बोलत आहोत. तोच धागा पुढे नेण्यासाठी आज आम्ही अगदी व्यवहारातला प्रश्न निवडला आहे. प्रश्न अमेरिकेतला आहे. आपण ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्यांना तिथे फिजिकल थेरपिस्ट म्हणतात, आणि त्यांच्या देखरेखीखाली काम करणारा एक स्वतंत्र वर्ग आहे, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. बोलण्याच्या सोयीसाठी आपण त्यांना ‘सहायक’ म्हणू. असे सुमारे एक लाख लोक तिथे काम करतात. त्यांना दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी लागते. ती आता पुरत नाही, चार वर्षांची बॅचलर पदवी सक्तीची करा, असा विचार त्या व्यवसायात बरीच वर्षं मांडला जातो आहे. तो योग्य आहे का?

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत कशाला पडायचं? पण बघा, या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. पदवी नेमकी कशाचा पुरावा असते? माणसाला काम येतं याचा, की तो अमुक वर्षं वर्गात बसला याचा? आणि पुरावा महाग केला तर त्याची किंमत कोण मोजतं?

सहायक करतो काय?

आधी काम समजून घेऊ. समजा, सत्तर वर्षांच्या एका बाईंचा गुडघा बदलला आहे. थेरपिस्ट येऊन त्यांची तपासणी करतो, अडचण कुठे आहे ते ठरवतो, उद्दिष्टं आखतो आणि उपचारांचा आराखडा तयार करतो. पुढचं रोजचं काम बरेचदा सहायकाकडे येतं. पलंगावरून खुर्चीत कसं बसायचं, वॉकर कसा धरायचा, पायरी चढताना आधी कुठला पाय आणि उतरताना आधी कुठला, हे तो शिकवतो. गुडघा किती अंशात वाकतो ते मोजून नोंदवतो. व्यायाम झेपत नसेल तर आराखड्याच्या चौकटीत राहून तो हलका करतो. तपासणी करून निदान ठरवणं आणि आराखडा बदलणं हे मात्र त्याच्या अधिकारात नाही.

हे ऐकून कुणाला वाटेल, म्हणजे सांगकाम्याच की! तसं नाही. एके दिवशी बाईंची पोटरी सुजलेली दिसते, हाताला गरम लागते. रक्ताची गाठ झाली असेल का? निदान करणं त्याचं काम नाही, पण ‘आज व्यायाम थांबवायचा आणि लगेच वर कळवायचं’ हे त्याला कळायलाच हवं. म्हणजे तो निदान करत नसला तरी निर्णय घेतो. ही बारीक रेषा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

यासाठी तो साधारण पाच सत्रांचा अभ्यासक्रम करतो. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामाचं शास्त्र आणि रुग्णांवरचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. अभ्यासक्रमाला मान्यता हवी, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. म्हणजे आजही हे दार सताड उघडं नाही.

ही पायरी आली कुठून?

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकेत काही स्त्रियांना थोड्या मुदतीचं प्रशिक्षण देऊन तयार केलं गेलं. त्यांना ‘रीकन्स्ट्रक्शन एड’ म्हणत. मेरी मॅकमिलन त्यांच्यातल्या अग्रणी. १९२१ साली या स्त्रियांनी आपली संघटना काढली आणि मॅकमिलनबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढे पोलिओच्या साथी आल्या, दुसरं महायुद्ध आलं, व्यवसाय वाढला आणि त्याचं शिक्षण विद्यापीठात गेलं. गंमत बघा, आज ज्यांच्याकडे डॉक्टरेट आहे, त्या व्यवसायाची सुरुवात ‘एड’ या शब्दाने झाली होती. एड म्हणजे मदतनीस!

१९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला. थेरपीची मागणी वाढत होती आणि थेरपिस्ट अपुरे पडत होते. १९६७ मध्ये व्यवसायाच्या संघटनेने सहायक या पायरीला मान्यता दिली. १९६९ मध्ये फ्लोरिडातलं मायामी डेड आणि मिनियापोलिसमधलं सेंट मेरीज या दोन ज्युनिअर कॉलेजांतून पहिले सहायक बाहेर पडले. तेव्हा थेरपिस्टची पदवी चार वर्षांची होती आणि सहायकाची दोन वर्षांची. अंतर दोन वर्षांचं.

पुढे वरची पायरी हलली. १९९३ मध्ये क्रेटन विद्यापीठाने या व्यवसायात प्रवेश करण्यासाठीच डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. २००२ नंतर नुसत्या बॅचलर पदवीचे थेरपिस्ट-अभ्यासक्रम मान्यतेतून गेले आणि २०१५ अखेर सगळेच अभ्यासक्रम डॉक्टरेटवर आले. म्हणजे चार वर्षांची बॅचलर पदवी आणि वर साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट. सहायक मात्र जिथे होता तिथेच राहिला. दोन वर्षांचं अंतर पाच वर्षांचं झालं. सहायकाची पदवी वाढवण्याच्या मागणीमागे जी अस्वस्थता आहे, तिचा बराचसा उगम इथे आहे.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं

हे म्हणणं हलकं समजू नका. आम्ही ते त्यांच्या बाजूनेच मांडून बघतो.

पहिला मुद्दा रुग्णांचा. आजचा रुग्ण १९६९ चा राहिलेला नाही. वय जास्त, सोबत मधुमेह, हृदयविकार, डझनभर औषधं. रुग्णालयातून लवकर घरी पाठवतात, तेव्हा नाजूक अवस्थेतला माणूस घरी असतो आणि सहायक त्याच्याकडे एकटा जातो. थेरपिस्ट फोनवर असतो, खोलीत नसतो. २०२५ पासून मेडिकेअरने खासगी थेरपी केंद्रांतही ही मोकळीक दिली आहे. सहायक काम करत असताना थेरपिस्ट त्याच जागी हजर असण्याची सक्ती तिथे आता नाही. देखरेख जितकी दूर, तितका निर्णयाचा भार जवळच्यावर. सुजलेल्या पोटरीची आठवण ठेवा.

दुसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. पाच सत्रांत किती कोंबायचं? काही सहायकांना ही पदवी मिळवायला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो, कारण त्याआधी काही विषय पुरे करावे लागतात. कष्ट जवळजवळ तीन वर्षांचे आणि कागदावर पदवी दोन वर्षांची, हा अन्याय नाही का?

तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यात वजनदार वाटतो. तो आहे खुंटलेल्या वाटेचा. दहा वर्षं काम केलेल्या सहायकाला थेरपिस्ट व्हायचं असेल, तर त्याला बहुधा आधी बॅचलर पदवीची बेगमी करावी लागते, मग डॉक्टरेट. ओहायोतल्या फिंडले विद्यापीठासारखे, सहायकांनाच थेरपिस्ट करणारे सेतू-अभ्यासक्रम आहेत, पण फार थोडे. सहायकाची पदवीच बॅचलर असती तर हा जिना सलग झाला असता.

पुरावा म्हणून नर्सिंगचा दाखला दिला जातो. २००३ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॅचलर पदवी असलेल्या नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी, असा संबंध त्यात आढळला. हा अभ्यास गाजला आणि गाजायलाच हवा होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात. संशोधकांनी रुग्णालयांमधले इतर फरक हिशेबात धरले होते, तरी असा अभ्यास पूर्ण खात्री देऊ शकत नाही. शिवाय नर्स चोवीस तास, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाचं मूल्यमापन करते. सहायकाच्या कामाची चौकट वेगळी आहे. एका कामाचा पुरावा दुसऱ्या कामाला जसाच्या तसा लावता येत नाही.

पदवी तीन कामं करते

आता आपण आपल्या प्रांतात येऊ. आमच्या मते पदवी एकाच वेळी तीन कामं करते आणि वाद घालताना आपण ती एकमेकांत मिसळतो.

पहिलं काम, शिकवणं. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं ते येणं’ यांत फरक केला. मायकेल पोलान्यी यांनी पुढे दाखवलं, की कुशल माणसाला जे कळतं ते सगळं शब्दांत सांगता येत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला उभं करताना त्याचा तोल जाणार हे सहायकाच्या तळहाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. पोहायला पाण्यात पडल्याशिवाय येत नाही, ही गोष्ट ॲरिस्टॉटलपासून आपल्या आजीपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक आहे. तेव्हा शिक्षण वाढवायचं असेल तर विचारा, वाढलेली दोन वर्षं कुठे जाणार? रुग्णाजवळ की वर्गात? सामान्य शिक्षणाचे चार विषय वाढवून तळहात शहाणा होत नाही. उलट, रुग्णांजवळची दोन सत्रं वाढली तर होऊ शकतो, पण त्यासाठी बॅचलर पदवीच लागते असं नाही.

इथे एक सावधगिरी. कौशल्य म्हणजे नुसता हात, असंही समजू नका. सुजलेली पोटरी धोक्याची का, हे ज्याला कळतं तोच नव्या, न शिकवलेल्या प्रसंगातही थांबेल. सिद्धांत हवाच. प्रश्न इतकाच, की कुठला आणि किती.

दुसरं काम, पारखणं. परीक्षा आणि परवाना हे काम आधीच करतात. परीक्षा उत्तीर्ण झालेला सहायक अपुरा पडत असेल तर सरळ उपाय म्हणजे परीक्षा कठीण करणं.

तिसरं काम, रांग लावणं. याबद्दल कुणी उघड बोलत नाही. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये काही वस्तूंचं मोल इतरांच्या तुलनेतूनच ठरतं, हे फार छान समजावलं. समजा, कीर्तनाला आपण सगळे बसलो आहोत. नीट दिसावं म्हणून पुढचा उभा राहिला. मग त्याच्या मागचा उभा राहिला. हळूहळू सगळा मंडप उभा. दिसतं पूर्वीइतकंच, फक्त आता सगळ्यांचे पाय दुखतात. त्याच वर्षी रोनाल्ड डोअर यांचं ‘द डिप्लोमा डिसीज’ हे पुस्तक आलं. काम तेच राहतं, पण त्याला लागणारी पदवी वाढत जाते, या रोगाचं ते वर्णन आहे.

या संदर्भात १९७१ सालचा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगण्यासारखा आहे, ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर. नॉर्थ कॅरोलायनातल्या या वीज कंपनीने चांगल्या विभागांतल्या कामांसाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली होती. कृष्णवर्णीय कामगारांना शाळाच धड मिळाली नव्हती, त्यामुळे अट दिसायला सगळ्यांना सारखी, पण अडवायची मात्र त्यांनाच. न्यायालयाने पाहिलं, की अट येण्याआधी लागलेले, हायस्कूल न झालेले लोक त्याच विभागांत व्यवस्थित काम करत आहेत. न्यायालय एकमताने म्हणालं, कामाशी संबंध दाखवा, नाहीतर अट काढा. हा निकाल वंशभेदाच्या कायद्याखालचा, नोकरीच्या अटींबद्दलचा आहे. परवान्याच्या शिक्षणाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातला प्रश्न फार उपयोगाचा आहे. ज्यांच्याकडे ही पदवी नाही, ते आज हे काम नीट करत आहेत का?

किंमत कोण मोजणार?

सहायकाचा अभ्यासक्रम मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांत चालतो. शिकणारे कोण? दिवसा कुठेतरी नोकरी करणारा तिशीतला माणूस, मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा शिकायला आलेली आई, घराण्यातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी. त्यांना ही वाट परवडते कारण ती छोटी आहे, स्वस्त आहे आणि घराजवळ आहे. दोन वर्षं वाढवणं म्हणजे दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांची बुडालेली कमाई. शिवाय बरीचशी कम्युनिटी कॉलेजं बॅचलर पदवी देतच नाहीत. म्हणजे घराजवळचा अभ्यासक्रम बंद, आणि खेड्यातल्या दवाखान्याला गावातूनच मिळणारा माणूसही बंद.

आता जमेची बाजू बघू. श्रम खात्याच्या २०२३ च्या आकड्यांनुसार सहायकाचं मधलं वार्षिक वेतन ६० हजार डॉलरच्या थोडं वर, थेरपिस्टचं एक लाखाच्या आसपास. पदवी वाढली की पगार वाढेल? पैसे देणारा काय करतो ते पाहा. १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर बाह्यरुग्ण सेवेत सहायकाने दिलेल्या उपचारांना ठरलेल्या दराच्या ८५ टक्केच रक्कम देते. म्हणजे एक हात म्हणतो ‘आणखी शीक’ आणि दुसरा हात म्हणतो ‘तुझ्या कामाला कमी देईन’. असं असताना चार वर्षं कर्ज काढून शिकणारा कोण भेटणार?

हा नुसता तर्क नाही, अनुभवही आहे. नॉर्थ डकोटा राज्याने १९८७ मध्ये नव्या नोंदणीकृत नर्सेसना बॅचलर पदवी सक्तीची केली. दुसऱ्या कुठल्याही राज्याने तो मार्ग धरला नाही आणि २००३ मध्ये नॉर्थ डकोटानेही ती सक्ती मागे घेतली. न्यू यॉर्कने २०१७ मध्ये वेगळी वाट काढली. दोन वर्षांच्या पदवीवर नर्स म्हणून कामाला लागा, मात्र दहा वर्षांत बॅचलर पदवी पुरी करा. सहायकांच्या सगळ्यात जवळचं उदाहरण ऑक्युपेशनल थेरपीचं. तिथल्या मान्यता-मंडळाने थेरपिस्टला डॉक्टरेट आणि सहायकाला बॅचलर अशी सक्ती २०२७ पासून करायचं ठरवलं होतं. व्यवसायातूनच विरोध झाला, २०१८ मध्ये निर्णय थांबवला गेला आणि २०१९ मध्ये दोन्ही पातळ्यांवर दोन-दोन वाटा खुल्या ठेवायचं ठरलं.

मग आमचं म्हणणं काय?

आधी काम ठरवा, मग पदवी. एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक वेळा उलटं होतं. आधी वरची पायरी हलते, मग खालची लाजते, मग तीही हलते, आणि काम कुणी बघतच नाही.

सक्ती करू पाहणाऱ्याने तीन गोष्टी दाखवाव्यात. एक, आजचे सहायक नेमक्या कुठल्या प्रसंगी, कुठल्या शिक्षणाच्या अभावी कमी पडतात. ‘व्यवसायाची प्रतिष्ठा’ हे उत्तर रुग्णाच्या उपयोगाचं नाही. दोन, वाढलेल्या शिक्षणाबरोबर कामाची चौकट आणि मोबदला दोन्ही वाढणार आहेत का. सहायकाने घरी एकट्याने जायचं, निर्णयाचा भार उचलायचा, असं खरंच ठरलं असेल तर त्या निर्णयांची यादी करा आणि ते शिकवा. आम्ही त्या शिक्षणाच्या बाजूने उभे राहू, मग त्याला किती सत्रं लागतील ती लागोत. तीन, गरिबाचं दार बंद होणार नाही याची सोय काय. दोन वर्षांवर परवाना, पुढे काम करता करता बॅचलर, तिथून डॉक्टरेट, आणि प्रत्येक टप्प्यावर आधीचं शिक्षण जमेला धरलेलं. खुंटलेल्या वाटेवरचा खरा उपाय हा आहे. वाट पुढे खुंटली म्हणून सुरुवातीची पायरी उंच करणं, हा उपाय नव्हे.

आपल्याशी याचा संबंध काय, असं श्रोते विचारतील. दोन ठिकाणी आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासून आपली मुलं या क्षेत्रात आहेत. त्यातली अमेरिकेत जाणारी मुलं तिथल्या आजच्या अभ्यासक्रमाच्या मापाने मोजली जातात. तिथे माप वाढलं की इथल्या पदवीला तिथे ठिगळ जोडावं लागतं, आणखी विषय, आणखी खर्च. दुसरं म्हणजे, २०२१ मध्ये आपल्या संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात सहयोगी आरोग्य-व्यावसायिकाला किमान २००० तास आणि आरोग्यसेवा-व्यावसायिकाला किमान ३६०० तास शिक्षण अशी चौकट आहे. पण फिजिओथेरपीतल्या सहायकाची पायरी आपल्याकडे रुजलेलीच नाही. ते काम घरी सून करते, मुलगा करतो, नाहीतर ब्युरोतून आलेल्या मावशी करतात, आणि त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. अमेरिकेत ‘दोन वर्षं पुरेत का’ हा वाद आहे. आपल्याकडे शून्यापासून सुरुवात आहे. उद्या आपण ही पायरी बांधू, तेव्हा ती मावशींना चढता येईल अशी बांधायची की पहिल्याच दिवशी त्यांना बाहेर ठेवणारी, हे आपल्याला ठरवावं लागेल.

कुणी म्हणेल, जास्त शिक्षण कधी वाईट असतं का? शिक्षण नसतं, पण सक्ती असू शकते. ज्याला शिकायचं आहे त्याला रोखू नये, हे एक तत्त्व. ज्याला काम येतं त्याला कामाशी संबंध नसलेल्या कारणाने रोखू नये, हे दुसरं. दोन्ही एकत्र पाळता येतात.

पुढच्या व्याख्यानात आपण परवाना या कल्पनेकडे जाऊ. समाजाने कुठल्या कामाला परवाना मागावा आणि कुठल्या कामाला नाही? तोवर आपापल्या व्यवसायातली एक अट निवडा आणि स्वतःला विचारा, ही अट नसलेला माणूस हे काम नीट करताना आपण पाहिला आहे का? उत्तरं जरूर कळवा.